दोन-चार, दोन-सहा

अब्बा फैजपूरच्या बाजारात बांगड्या भरायचे.
बाई समोर बसली, हात पुढे आला, की
मनगटाकडे बघायचेच नाहीत;
अंगठ्याच्या मुळाशी हाड असतं, ते हलकं दाबायचे
आणि मागे न वळता पेटीत हात घालायचे.
दोन-चार. दोन-सहा.
चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.
म्हणजे, एकदा पाहिलं. ते पुढे.

मी आता जळगावला,
केळीची रोपं बाटलीत वाढवणाऱ्या कंपनीत,
रोग तपासायच्या खोलीत.
बाहेर शेहेचाळीस अंश, आत बावीस.
मुबारक तडवी रावेरहून, यावलहून
बर्फाच्या डब्यात पानांचे तुकडे आणतो,
पिशवीपिशवीवर आईझाडाचा नंबर.
पान वाटायचं, रस गाळायचा,
रस खोल ठोकळ्यात,
ठोकळ्यातून थाळीत.
आडव्या आठ ओळी, उभे बारा रकाने,
खळग्यापासून खळगा नऊ मिलिमीटर;
झोपेतून उठवून विचारा.

थेंब मी टाकत नाही, यंत्र टाकतं.
आठ नळ्यांचा हात खाली येतो,
आठ टिपांवर दाबून बसतो, टक,
ठोकळ्यात बुडतो, ओढतो, उचलतो, सोडतो.
मग वाट बघायची.
पिवळं झालं की झाड गेलं.
पाण्यासारखं राहिलं की पास,
त्या एकाची पुढे हजारो रोपं.

मार्चअखेरीस खरेदीच्या भंगाळेसाहेबांनी टिपा बदलल्या.
खोक्यावर छापलेलं: सर्व यंत्रांना चालतील.
टिपेमागे तीस पैसे वाचले.
टिपा बसल्या. टक वाजलं.
काम पूर्ण, हिरवा दिवा.
ई ओळ आरपार स्वच्छ.
ललितसर म्हणाले, वा.

पण त्या ओळीच्या शेवटच्या खळग्यात
मी स्वतःच्या हाताने
मरायला टेकलेल्या पानाचा रस ठेवला होता.
तोही स्वच्छ.
दोन तासांत कोण बरं होतं?

दार उघडं ठेवून यंत्र हळू चालवलं,
स्टूल काढून फरशीवर बसले,
डोळा ठोकळ्याच्या पातळीला.
टिप जुनीपेक्षा केसभर लांब.
पाचव्या नळीची रबरी चकती झिजलेली,
म्हणून तिथली टिप आणखी खाली,
तळाला तोंड टेकवून बसलेली.
शहाळ्यातली नळी मलईला चिकटते ना,
ओढा कितीही, गाल आत जातात,
येत काही नाही. तसं.
आणि यंत्राला गाल नाहीत.

तर ते एकदा:
सावद्याच्या एका नवरीने हट्ट धरला, दोन-चारच हव्या.
अब्बांनी हाड दाबलं, थांबले,
मग साबण लावून चढवायला घेतल्या.
तिसरी फुटली. रक्त आलं.
पैसे घेतले नाहीत. घरी येताना
सायकल हातात धरून चालत म्हणाले,
"मला हात कळला होता. मी तोंडाचं ऐकलं."

कागदाचा कपटा टिपेखाली घातला,
टिप खाली आणत आणत कपटा ओढत राहिले;
जिथे तो अडखळला तिथे थांबले,
आणि तिथून एक मिलिमीटर वर.
पाचवी चकती बदलली.
जुनी ॲप्रनच्या खिशात राहिली, अजून आहे.

रात्री नऊला ई ओळ पुन्हा वाचली.
शेवटचा खळगा पिवळाजर्द.
आणि मधले दोन: चारशे बारा, चारशे एकोणीस.
मुबारकला फोन केला.
तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला,
"चारशे बारा तर किती छान दिसत होतं."

भंगाळेसाहेब म्हणतात, उरलेली सतरा खोकी परत घेत नाहीत.
ती कपाटावर आहेत.

प्रयोगशाळेत हातात काच चालत नाही.
गेटवर येऊन मी हातमोज्यांचे ओले हात पुसते,
पर्समधून बांगड्या काढते, चढवते.
लग्नात दोन-सहा होत्या.
या ईदला अब्बांनी पाठवल्या त्या दोन-आठ;
मी काही कळवलं नव्हतं,
वर्षभरात एकदाच भेटलो होतो, बसस्टँडवर,
त्यांनी हात हातात घेतला होता,
गाडी सुटेपर्यंत.